मालट्रकच्या केबिनमधली हवा

ज्याची उभी हयात तत्त्वज्ञान शिकवण्यात गेली तो माणूस मालट्रकवर काय बोलणार, असा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या चेहऱ्यावर मला इथून दिसतोय. वाचनालयाच्या मंडळींनीही फोनवर दोनदा विचारून घेतलं, "सर, ट्रकच ना?" हो, ट्रकच. आणि त्यातही इंजिन नाही, चाकं नाहीत, मागचा हौदासुद्धा नाही. ड्रायव्हर आणि क्लीनर ज्या खोक्यात बसतात, त्या खोक्यातली हवा. तेवढंच.

कारण घरगुती आहे. माझे काका मालवण-कोल्हापूर माल वाहायचे. इथून सुकी मासळी, नारळ, आमसुलं. तिकडून गूळ, कांदे, तांदूळ. कसाल, कणकवली, फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर हा त्यांचा रस्ता. गाडी टाटा-मर्सिडीज, लांब नाकाची, नाकावर ती तीन टोकांची चांदणी. काका थकले तेव्हा गाडी परसात माडाखाली उभी राहिली ती राहिलीच. वर्षानुवर्षं तिच्यावर झावळ्या पडल्या, कोंबड्या बसल्या. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाच्या मुलाने ती पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं. पोरगा हुशार, हात चांगला. गंजलेला पत्रा काढला, सागवानी चौकट जिथे कुजली होती तिथे नवीन जोड दिले, काचांना आणि दारांना सगळीकडे नवं रबर लावलं.

आणि दार लागेना.

म्हणजे लागायचं, पण दोनदा-तीनदा आपटल्यावर. हळू लावलं की शेवटच्या बोटभर अंतरावर येऊन मागे यायचं. त्याने कुलूप बदललं, बिजागरी बदलली. तेच. मी ओट्यावर बसून बघत होतो. उगाच म्हटलं, पलीकडची काच खाली कर आणि मग लाव. काच खाली केली आणि दार एका बोटाने लागलं. पोरगा माझ्याकडे बघतच राहिला. मला फार मोठं काही कळलं होतं असं नाही. आमच्या घराचं मागचं दार उघडं असलं की पुढचं दार धाडकन लागतं, हे लहानपणापासून बघितलेलं. एवढ्यावरून बोललो.

हिशेब सोपा आहे. दार आत येताना आतली हवा दाबतं. तिला बाहेर जायला वाट नसेल तर ती उलटी दाराला ढकलते. ट्रकचं दार साधारण एक चौरस मीटर धरा. आतला दाब नुसता दहा मिलिमीटर पाण्याच्या उंचीइतका वाढला, म्हणजे काहीच नाही, कपात चमचाभर पाणी जास्त, तरी त्या दारावर दहा किलोचं वजन उलट बाजूने बसतं. टॉरिचेल्लीने १६४४ साली एका पत्रात लिहून ठेवलं की आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो. आपण मालवणकर समुद्राच्या काठी राहूनही हा दुसरा समुद्र विसरतो. वैशेषिकांनी वायूचं लक्षण फार नेमकं केलंय: त्याला रूप नाही, तो दिसत नाही, स्पर्शावरून त्याचं अनुमान करायचं. दार परत आलं, हा तोच स्पर्श.

पण गोष्ट पुढे आहे. केबिनच्या मागच्या भिंतीला आतून प्लायवूड मारलेलं होतं, त्यावर आरसा, देवांच्या तसबिरी, प्लास्टिकची फुलं. ते प्लायवूड कुजलं होतं म्हणून काढलं, तर मागे भिंतीत, अगदी वर छताला लागून, एक आडवी फट निघाली. दीड हात लांब, चार बोटं उंच. बाहेरून तिला तिरक्या लाकडी पट्ट्या, पाऊस आत येऊ नये म्हणून खाली उतरत्या. आणि त्या पट्ट्यांच्या बाहेर वरून लटकत सोडलेली, जुन्या ट्यूबची कापलेली रबराची जीभ. आतून फुंकर मारली की जीभ उचलते, बाहेरून मारली की मिटते. रबर आता दगड झालं होतं, पण रचना कळत होती. पोराला वाटलं भोक आहे, बुजवूया. म्हटलं थांब.

आता इथून मागे, इतिहासात जाऊ.

मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ साली गाड्या जुळवण्याचा कारखाना सुरू केला. त्या काळच्या लॉऱ्यांमध्ये हवेचा प्रश्न नव्हता, कारण भिंतीच नव्हत्या. छप्पर, पुढे काच, बाजूला फार तर ताडपत्रीचा पडदा. प्रश्न आला तो केबिन बंद झाल्यावर. पत्र्याची दारं आली, काचा आल्या, आणि माणूस आत कोंडला गेला. अमेरिकेत १९३३ साली जनरल मोटर्सच्या गाड्यांना ती तिकोनी काच आली. आपल्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल: दाराच्या काचेच्या पुढच्या कोपऱ्यात, उभ्या खिळीवर फिरणारी छोटी काच. तिचं मोठं काम वारा आत घेणं हे आपण समजतो. ते अर्धंच खरं. थोडीच उघडली की तिच्या मागच्या कडेपाशी दाब कमी होतो आणि आतली हवा बाहेर ओढली जाते. म्हणजे ती घेणारीही होती आणि सोडणारीही, किती कलवली त्यावर. १९४७ साली शेवरोलेने नव्या ट्रकची जाहिरातच केली की ही केबिन श्वास घेते. ताजी हवा आत येते, वापरलेली बाहेर जाते. जाहिरातीतल्या शब्दांवर मी सहसा विश्वास ठेवत नाही, पण यातला दुसरा भाग महत्त्वाचा आहे. श्वास घेण्यात सोडणंही आलं. मोटारींच्या बाबतीत ही गोष्ट पूर्णपणे अमलात यायला १९६४ उजाडलं, जेव्हा इंग्लंडमधल्या फोर्डने कॉर्टिना गाडीत समोरून हवा घ्यायची तोंडं आणि मागच्या खांबांमध्ये ती सोडायच्या फटी दिल्या. काचा बंद ठेवूनही हवा वाहती राहू लागली.

आपल्याकडे मात्र गाडी वेगळ्याच वाटेने गेली. १९५४ साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी जनरल मोटर्सने इथला गाशा गुंडाळला आणि त्याच वर्षी जमशेदपूरला टेल्कोने डेमलर-बेंझशी करार करून ट्रक काढायला सुरुवात केली. तो करार पंधरा वर्षं चालला. १९६९ ला संपला, आणि नाकावरची चांदणी जाऊन तिथे इंग्रजी टी अक्षर आलं. ट्रक उत्तम होता, यात वाद नाही. फोंडा घाट त्या इंजिनाने आपल्यासाठी सपाट केला. पण बहुतेक गाड्या विकल्या जायच्या त्या केबिनशिवाय. चेसी, इंजिन, पुढचा मुखवटा, स्टिअरिंग. बस्स. ड्रायव्हर खोक्यावर किंवा पाटावर बसून, डोक्याला फडकं गुंडाळून, शेकडो मैल ती उघडी चेसी हाकत गावाकडे आणायचा. ते दृश्य तुमच्यापैकी कित्येकांनी हायवेवर बघितलंय. मग मालक ती नेऊन उभी करायचा सुतार-लोहारांच्या कारखान्यात, आपल्या बाजूच्या गाड्या बहुधा कोल्हापूर-सांगलीकडे, आणि तिथे सागवान, पत्रा, खिळे घेऊन केबिन बांधली जायची.

या व्यवस्थेचा एक परिणाम नीट समजून घ्या. इंजिनाची जबाबदारी कारखान्याची, मालाची व्यापाऱ्याची, हौद्याची मालकाची. केबिनमधल्या हवेची कुणाचीच नाही. कारखाना म्हणणार आम्ही केबिन बांधलीच नाही. बांधणारा म्हणणार मालकाने सांगितलं तसं बांधलं. मालक केबिनमध्ये बसतच नाही. वायूचं अनुमान स्पर्शावरून होतं असं मघाशी म्हटलं. ज्याच्या हातात पैसे होते त्याला तो स्पर्शच होत नव्हता.

कायद्याकडे बघा. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये १३ वं कलम होतं, हवा खेळती ठेवणे आणि तापमान, यावर. कामगार काम करतो त्या खोलीत पुरेशी ताजी हवा हवी, उष्णता सोसवेल इतकीच हवी. स्वतंत्र भारताच्या अगदी सुरुवातीच्या कायद्यांपैकी हा एक. पण ट्रकची केबिन ही खोली नव्हे. ती चालते ना! मग १९६१ साली मोटार वाहतूक कामगारांचा स्वतंत्र कायदा आला. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. कँटीन, विश्रांतीची खोली, गणवेश, प्रथमोपचाराची पेटी, सगळ्याची कलमं होती. कायदा वाईट नव्हता. पण माणूस गाडीतून उतरला की त्याचं काय करायचं, याचीच काळजी त्यात जास्त. गाडीत असताना तो कुठली हवा घेतो, यावर कलम नव्हतं. आठ तासांचं तर तुम्हाला माहीतच आहे. काका कधी आठ तासांत घरी आले असतील तर ते गाडी बिघडली म्हणूनच.

आता त्या केबिनच्या आत काय चालायचं ते बघू, कारण इथे एक गंमत आहे, आणि ती मला वयाच्या सत्तरीनंतर कळली.

डिझेलच्या उष्णतेतला साधारण एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो. बाकीचा पाण्यातून आणि धुरातून बाहेर पडतो. म्हणजे ड्रायव्हरच्या पायांपुढे एक भट्टीच. मधे फक्त एक पत्रा. त्या पत्र्याला भोकं किती? क्लचचं, ब्रेकचं, ॲक्सिलरेटरचं, गिअरच्या दांड्याचं, वायरींचं. नंतरच्या चपट्या तोंडाच्या गाड्यांमध्ये तर इंजिन चक्क केबिनमध्येच आलं, दोन सीटच्या मधे, वर एक झाकण आणि झाकणावर गोधडी.

उकाडा झाला की आपण काय करतो? दोन्ही काचा खाली. बरोबर? पण गाडी वेगात असताना वारा खिडकीसमोरून निघून जातो, तेव्हा तो आत यायच्या ऐवजी आतली हवा बाहेर ओढतो. केबिनमधला दाब उतरतो. आणि मग त्या रिकाम्या जागी हवा कुठून येते? सर्वात जवळच्या भोकांतून. म्हणजे पेडलच्या आणि गिअरच्या भोकांतून, इंजिनावरून तापून, तेलाचा आणि जळक्या रबराचा वास घेऊन. ड्रायव्हर काच उघडतो ती गारव्यासाठी, आणि ओढून घेतो भट्टीचा वारा, पायांवर. कानाला वारा लागतो म्हणून त्याला वाटतं हवा येतेय. पोटऱ्या मात्र भाजत असतात.

माझा यावर विश्वास बसेना. मग आम्ही प्रयोग केला. कसाल रस्त्यावर गाडी चाळीसच्या वेगाने, पोरगा चालवतोय आणि मी या वयात खाली वाकून पेडलपाशी उदबत्ती धरून बसलोय. (हशा) रस्त्यावरचे लोक म्हणाले असतील, म्हाताऱ्याने गाडीची पूजा मांडली. दोन्ही काचा उघड्या ठेवल्या तेव्हा गिअरच्या भोकातून येणारा झोत उदबत्तीच्या धुराला सरळ वर ढकलत होता, आणि धूर खिडकीतून बाहेर. मग आम्ही ती भोकं जाड रबराने बुजवली, दांड्याला चामड्याची टोपी शिवली. काचेच्या बुडाशी कुणीतरी मागाहून कापून बसवलेली एक झडप होती, ती उघडली. आणि मागची ती फट मोकळी केली. काचा जेमतेम दोन बोटं खाली. धूर सावकाश मागे गेला, वर चढला आणि फटीतून निघून गेला. पायांना गार वारा. त्या केबिनमध्ये असा वारा मी पहिल्यांदाच अनुभवला. लहानपणी त्या गाडीत कितीदा बसलो असेन.

काचेच्या बुडाशीच झडप का? कारण समोरचा वारा काचेवर आपटून तिथे अडतो, दाब तिथे वाढतो. साठच्या वेगाला तो सोळा मिलिमीटर पाण्याइतका होतो. त्या जागी दहा सेंटिमीटर लांब-रुंद तोंड ठेवलं आणि त्यातून सेकंदाला पाच मीटर वेगाने हवा आली, तर साडेचार घनमीटरची केबिन दीड मिनिटात पूर्ण बदलते. पण अट एकच, बाहेर जायला तेवढीच वाट हवी. बाटलीचं तोंड नळाखाली धरा. भरली की पाणी आत जात नाही, नळ कितीही सोडा.

तुमच्यापैकी ज्यांची जुनी कौलारू घरं अजून शाबूत आहेत त्यांना हे सांगायला नको. पडवीतून वारा येतो, माजघरात खेळतो, आणि चुलीचा धूर, माणसांचा उबारा, सगळं वर कौलांच्या फटींतून निघून जातं. त्याच घरावर स्लॅब टाकली की खिडक्या दुप्पट केल्या तरी उकडतं. ज्या सुताराने ती फट ठेवली तो कदाचित घरंही बांधत असेल. त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही. गाडीवर मालकाचं नाव, देवाचं नाव, रंगाऱ्याचं नावसुद्धा आहे.

मात्र हे सगळं सपाटीवर. घाटात हिशेब बदलतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. साठचा वेग बाराला आला की दाब पंचविसावा भाग उरतो, अर्धा-पाऊण मिलिमीटर. म्हणजे हवा यायची बंद, आणि इंजिन मात्र त्याच वेळी सर्वात जास्त तापलेलं. त्यात दुपारी समुद्रावरचा वारा घाटाकडे वाहतो. तुम्ही बाराच्या वेगाने चढताय आणि वाराही पाठीमागून साधारण तेवढ्याच वेगाने येतोय, म्हणजे गाडीच्या भोवती हवा जागची हलत नाही. इंजिनाची धग गाडीबरोबर चालते. काका कधीही दुपारी घाट चढायचे नाहीत. रात्री दोनला मालवण सोडायचे. आम्ही समजायचो, बाजार गाठायची घाई. ती होतीच. पण शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो ना आपण? रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे. आपल्या मच्छीमारांना तो पाठ असतो, होड्या त्यावर बाहेर पडायच्या. तोच वारा घाट चढणाऱ्या गाडीला समोरून लागतो. गाडी बाराच्या वेगाने चालली तरी केबिनला वीसचा वारा मिळतो. मासळीवाल्यांच्या गावचा ड्रायव्हर, त्याने वाऱ्याचं वेळापत्रक समुद्राकडून उसनं घेतलं होतं.

पाऊस ही आणखी एक शिक्षा. चार महिने काचा बंद. दोन माणसांच्या श्वासाची वाफ काचेवर धरते, समोरचं दिसत नाही. बाहेरून तंबाखू चोळायची, आतून फडकं मारायचं. आणि बारा महिने धुरळा. चिरेखाणीचा लाल धुरळा, तिकडे रेडीला खनिजाचा. एका चिऱ्याच्या गाडीवाल्याला मी विचारलं, कसं करतोस? तो म्हणाला, "खिडकी उघडल्यार धुरळो, धापल्यार उकाडो. माणसान करूचा काय?" याला उत्तर आहे. केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवायचा. समोरून गाळून हवा घ्यायची आणि बाहेर जायची वाट थोडी तंग ठेवायची, म्हणजे प्रत्येक फटीतून हवा बाहेर जाते, धुरळा आत येत नाही. रबराची जीभ त्याचसाठी. गाडीच्या मागे नेहमी पोकळी असते, त्यात धूर आणि धूळ घुटमळते. मागे नुसतं भोक ठेवलं तर तीच घाण उलटी आत येईल. डिझेलच्या धुरामुळे कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली निःसंदिग्धपणे सांगितलं. सुताराला ते माहीत असायचं कारण नाही. धूर आत येऊ नये एवढं त्याला कळत होतं.

मग ती फट बुजली कशी? आता मला माझ्याबद्दल थोडं बोलावं लागेल.

सत्तरच्या दशकात कधीतरी गाडी रंगकामाला टाकली होती. कुठे, ते सोडा. केबिन आतून सजवायची टूम निघाली होती, त्यात ते प्लायवूड बसलं. आतून गुळगुळीत, देखणं. काकांना विचारलं नाही, गाडी तेव्हा भागीत होती आणि दुसरा भागीदार हौशी. त्यानंतर काका म्हणायला लागले, "गाडी गुदमरता." घरात सगळ्यांना सांगायचे. पूर्वी गाडी अशी नव्हती, आता डोकं चढतं, घाटात झोप येते. मी तेव्हा नुकताच एम.ए. होऊन आलो होतो. त्यांना म्हणालो, "काका, गाडी तीच आहे. वय तुमचं वाढलंय." त्यांनी परत तो विषय माझ्याकडे काढला नाही.

पुढे मी वर्षानुवर्षं वर्गात न्यायदर्शन शिकवलं. शब्दप्रमाण. आप्त कोण? ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याला इच्छा आहे तो. वात्स्यायन पुढे आवर्जून सांगतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे. मुलांना हे वाक्य मी फार रंगवून सांगायचो. आप्तत्व जातीने किंवा पदवीने येत नाही, वगैरे. आणि घरातला आप्त सांगत होता की केबिनमध्ये काहीतरी बदललंय. त्याला फट माहीत नव्हती, दाब माहीत नव्हता, पण बदल झालाय हे तो अचूक सांगत होता. काकांना शेवटची वर्षं खोकला होता. त्याचं कारण मी केबिनवर ढकलणार नाही, ते विड्याही ओढायचे. पण त्यानंतरची आठ-दहा वर्षं ते त्या बंद खोक्यातून घाट चढले. एक प्लायवूड काढायचं होतं. दोन खिळे.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला जपानी सहकार्याने छोटे ट्रक आले, टाटांचा ४०७ आला १९८६ साली, आणि कारखान्यात बनलेली पत्र्याची केबिन आपल्या डोळ्यांना सवयीची झाली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी व्होल्वोचे ट्रक आले, वातानुकूलित. आपल्या कोकणात याच सुमाराला, २६ जानेवारी १९९९ पासून, कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा भरलेले ट्रक रेल्वेच्या उघड्या वाघिणींवर चढवून न्यायला सुरुवात केली. रो-रो. डोकं चालवावं तर असं. पण ड्रायव्हर कुठे बसतो? आपल्याच केबिनमध्ये. आणि वाटेत बोगदे, त्यातला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा. बोगद्यात शिरणारी गाडी म्हणजे पिचकारीतला दट्ट्या. पुढची हवा दाबली जाते, कान बंद होतात. शिवाय डिझेल इंजिनाचा धूर. कुडाळकडचा एक ड्रायव्हर मला म्हणाला, बोगदा आला की आम्ही काचा वर करून तोंडाला टॉवेल लावायचो. काचा वर केल्या तरी पेडलची भोकं उघडीच, दाबाने धूर त्यातून यायचाच. २०२२ मध्ये या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं, तेव्हा विजेच्या इंजिनामागे जाणाऱ्या ड्रायव्हरांची त्यातून सुटका झाली. ती झाली इंजिन बदलल्यामुळे. केबिनसाठी म्हणून कुणी काही केलं नव्हतं.

आणि अखेर डिसेंबर २०२३ ची केंद्र सरकारची अधिसूचना. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांची केबिन वातानुकूलित असलीच पाहिजे. १९४८ च्या कलमानंतर सत्याहत्तर वर्षांनी केबिन एकदाची खोली झाली. मी या नियमाचं स्वागत करतो. ट्रक महागतील म्हणून कुरकुरणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की तुमच्या ऑफिसातला ए.सी. काढायचा का? पण नियम नव्या गाड्यांना आहे. चिरे, वाळू, मासळी वाहणाऱ्या जुन्या गाड्या आपल्या रस्त्यांवर अजून कित्येक वर्षं धावतील. आणि ए.सी. म्हणजे ताजी हवा नव्हे, हेही लक्षात ठेवा. तीच हवा पुन्हा पुन्हा गार केली तर दोन माणसांना बंद केबिनमध्ये तासाभरात जड वाटायला लागतं, पेंग येते. बाहेरची हवा घ्यायचा खटका असतो, तो अधूनमधून उघडावा लागतो. आणि सोडायची वाट तिथेही लागते. चांगल्या केबिनच्या मागच्या भिंतीत आतल्या बाजूला हात घालून बघा, रबराच्या झडपा असतात. आमच्या सुताराने ट्यूब कापून केली होती तीच गोष्ट.

इथे मागून एक प्रश्न आलाय, जुन्या गाडीला आता काय करावं? आधी भोकं बुजवा, इंजिनाच्या पत्र्याची. पहिलं काम ते. पेडलला रबर, दांड्याला टोपी, झाकणाच्या कडांना जाड पट्टी. भोकं न बुजवता पंखा लावाल तर तो भट्टीतलीच हवा फिरवेल. मग मागच्या भिंतीत वर फट, तिला बाहेरून जीभ. सायलेन्सरचं तोंड त्या बाजूला नाही ना, बघून घ्या. घाटात चालणारी गाडी असेल तर छतालाही एक झडप, कारण वेग नसताना गरम हवा आपली आपण फक्त वर जाते. आणि झडपेला जाळी हवी, नाहीतर पहिल्याच रात्री गांधीलमाशी आत. खर्च म्हणाल तर आमचा सगळा मिळून एका टायरपेक्षा कमी झाला. खाऱ्या हवेत पत्रा कापला की कापलेली कड रंगवायला विसरू नका, नाहीतर तिथूनच गंज धरेल.

गाडी खाली आवारात उभी आहे. जाताना डावं दार लावून बघा, उजव्याची बिजागरी अजून झालेली नाही. आधी समोरची झडप आणि मागची फट बंद करून लावा, पोरगा दाखवील कशी करायची ते, आणि मग दोन्ही उघडून. ज्यांना घाई नाही त्यांनी आत बसूनही बघा. तसबिरी आम्ही परत लावल्यात, फक्त थोड्या खाली.